पुढच्या भागाने केलेला हिरमोड

वाचकहो, या पाक्षिकाच्या पानांवर आपण मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, निद्रानाश अशा विषयांवर नेहमी बोलत आलो आहोत. आज ज्या दुःखाविषयी लिहिणार आहे, त्याचे कारण ऐकून तुमच्यापैकी काहींना कदाचित हसू येईल. तुमचा सोळा-सतरा वर्षांचा नातू किंवा पंचविशीतली नात वर्षानुवर्षे एखाद्या व्हिडिओ गेमच्या पुढच्या भागाची वाट पाहते, तो भाग अखेर येतो, आणि तो मनासारखा निघत नाही. मग दोन-चार दिवस घरात अबोला, अर्धवट जेवण, उशिरापर्यंत लोळणे, विचारले तर "काही नाही" एवढेच उत्तर. घरातील मोठी माणसे म्हणतात, "खेळच तो, त्याचे एवढे काय?"

पिंपळे गुरवसारख्या उपनगरात हा प्रसंग घडण्यास जागा पुष्कळ आहे. आजोबा आकुर्डी, पिंपरी किंवा भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा चाकणला पाळीवर किंवा हिंजवडीला संगणकासमोर, सून नोकरीत, आणि नातवंडे शाळा-महाविद्यालयातून परतल्यावर कानांवर हेडफोन चढवून बसलेली. दुपारी चार ते रात्री आठ या वेळात घरात असतात ती दोनच माणसे, एक म्हातारे आणि एक कोवळे. म्हणून त्या कोवळ्या मनाचा हिरमोड पहिल्यांदा दिसतो तो तुम्हालाच, आणि त्यावर पहिला शब्दही बहुधा तुमचाच असतो. तो शब्द कोणता असावा, यासाठी हा लेख आहे.

हा खेळ असतो तरी काय?

पत्ते, बुद्धिबळ, कॅरम यांचा डाव अर्ध्या-एक तासात संपतो. ज्या खेळांविषयी आपण बोलत आहोत त्यांना 'ओपन वर्ल्ड रोल प्लेइंग गेम' म्हणतात. मराठीत मुक्त विश्वातला भूमिकाखेळ म्हणता येईल. खेळणारा स्वतःसाठी एक पात्र घडवतो, त्याला नाव देतो, चेहरा देतो, आणि डोंगर, नद्या, गावे, बाजार, मंदिरे असलेल्या एका कल्पित प्रदेशात त्याला मोकळे सोडतो. कोणत्या वाटेने जायचे, कोणाला मदत करायची, कोणाशी वैर धरायचे, हे तोच ठरवतो. असा एखादा खेळ मनापासून खेळणारा त्यात शंभराहून अधिक तास सहज घालवतो. एखादी दीर्घ कादंबरी वाचावी, त्यातील गावात आपण राहावे, आणि कथानायकही आपणच असावे, अशी कल्पना केली म्हणजे ही ओढ थोडीफार समजेल.

अशा खेळांच्या मालिका असतात, आणि दोन भागांत पाच-सहा, कधी दहाहून अधिक वर्षांचे अंतर पडते. 'द एल्डर स्क्रोल्स' या प्रसिद्ध अमेरिकी मालिकेतील 'मॉरोविंड' हा भाग २००२ मध्ये, 'ऑब्लिव्हियन' २००६ मध्ये आणि 'स्कायरिम' २०११ मध्ये आला. सहाव्या भागाची घोषणा जून २०१८ मध्ये झाली. ती ऐकली तेव्हा जो मुलगा सहावीत होता, तो वाट पाहता पाहता महाविद्यालयात पोहोचला. एवढ्या प्रतीक्षेत मन स्वस्थ बसत नाही. ते स्वतःच्या कल्पनेतला पुढचा भाग रचत राहते, आणि प्रत्यक्ष वस्तूला पुढे त्या मनातल्या वस्तूशी झुंजावे लागते.

अपेक्षाभंगाचे एक बोलके उदाहरण

'मॉरोविंड' खेळलेल्या अनेकांना 'ऑब्लिव्हियन'ने निराश केले. नव्या भागाची चित्रे अधिक देखणी होती, समीक्षकांनी त्याला वाखाणले, विक्रीही उत्तम झाली. मग जुने चाहते नाराज का झाले?

पहिले कारण वाटेचे. आधीच्या भागात कुठे जायचे हे कोणीतरी तोंडी सांगे. पूल ओलांडून उत्तरेला वळा, मोठ्या खडकापाशी डावी वाट धरा, अशा खुणा वहीत नोंदलेल्या असत आणि त्या वाचत वाचत जागा शोधावी लागे. पुढच्या भागात पडद्यावरच्या होकायंत्रात बाण आला. बाणाच्या मागे चालले की झाले. शिवाय नकाशावर बोट ठेवताच दूरच्या शहरात पोहोचण्याची सोयही आली. तुम्हांला आठवत असेल, मोबाइलमधील नकाशा येण्यापूर्वी नव्या वस्तीत कोणाचे घर शोधायचे तर चौकातल्या टपरीवर विचारावे लागे. वेळ जाई, पण तो परिसर ओळखीचा होई. आता आपण थेट दारात पोहोचतो आणि गल्लीचे नावही लक्षात राहत नाही. सोय वाढली, ओळख कमी झाली. त्या खेळाडूंची तक्रार नेमकी हीच होती.

दुसरे कारण अधिक खोल आहे. 'ऑब्लिव्हियन'मध्ये खेळाडूचे पात्र जसजसे बलवान होई, तसतसे शत्रूही त्याच प्रमाणात बलवान होत. रस्त्यावरचे साधे लुटारूसुद्धा पुढे पुढे मौल्यवान चिलखते घालून समोर येत. त्यामुळे इतके तास कष्ट करून आपण मोठे झालो, याचे समाधानच मिळेना. आयुष्यभर पगारवाढीच्या मागे महागाई धावताना पाहिलेल्या वाचकांना ही चीड वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

'स्कायरिम'च्या वेळी तक्रार पुन्हा उठली. आधीच्या भागात पात्राचे बळ, बुद्धी, चपळता, नशीब असे आठ गुण असत. नव्या भागात ते गाळून आरोग्य, जादूशक्ती आणि दम या तीनच गोष्टी उरल्या. काहींना हे सुटसुटीत वाटले, तर काहींना पोकळ.

याच गोष्टीचा पुढचा टप्पा आहे. एप्रिल २०२५ मध्ये 'ऑब्लिव्हियन' नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्याकडे जिव्हाळ्याने परतणाऱ्यांत २००६ साली शाळेत असलेली कितीतरी माणसे होती. त्यांच्यासाठी तोच पहिला भाग होता, तेच बालपण होते. एका पिढीचा हिरमोड दुसऱ्या पिढीची आठवण झाला. निराशा वस्तूच्या दोषातून येते तशीच ती आपण आधी काय पाहिले, यावरूनही ठरते.

आपल्या पुण्याशी जोडलेली गोष्ट

हे सारे दूर अमेरिकेत घडते असे समजू नका. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे नाव तुमच्या मुलांनी नक्की ऐकलेले असेल. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ मध्ये हा खेळ तयार केला. आपल्या धाकट्या भावाला धावताना-उड्या मारताना चित्रित करून त्यावरून त्याने राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. पुढे २००३ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द सँड्स ऑफ टाइम' हा भाग आणला. त्यातल्या राजपुत्राजवळ काळ थोडा मागे फिरवणारी कट्यार होती. उडी चुकली तर काळ मागे न्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. खेळ लोभस होता, थोडा हळवाही होता. त्यानंतर २००४ मध्ये आलेला 'वॉरियर विदिन' हा पुढचा भाग मात्र काळोखा, रागीट आणि रक्ताळलेला निघाला. पहिल्या भागावर प्रेम करणारे अनेक जण खट्टू झाले, आणि स्वतः मेकनर यांनीही त्यातली हिंसा व कलादृष्टी आपल्याला रुचली नसल्याचे सांगितले.

हा खेळ मुक्त विश्वातला भूमिकाखेळ नव्हे, साहसखेळ आहे. परंतु अपेक्षाभंगाचा त्याचा पुढचा अध्याय पुण्यात घडला, म्हणून तो येथे सांगतो. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की 'द सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवला जात आहे आणि ते काम पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे आहे. पण पहिली झलक पाहताच जगभरातील चाहत्यांनी चित्रे जुनाट वाटतात, चेहरे निर्जीव दिसतात, अशी टीका सुरू केली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली आणि नंतर अनिश्चित काळासाठी लांबली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आले, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो प्रकल्पच रद्द झाल्याचे जाहीर झाले.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहावी. एका बाजूला लहानपणीचा राजपुत्र परत भेटेल म्हणून पाच वर्षांहून अधिक काळ थांबलेले लोक, आणि दुसऱ्या बाजूला त्या कामात दिवसरात्र राबलेले आपल्याच शहरांतील तरुण. तेही कोणाचे तरी नातू, कोणाच्या तरी मुली. नातवंड एखाद्या खेळावर तावातावाने टीका करू लागले, तर ही दुसरी बाजू हळूच दाखवणे हे आजी-आजोबांना शोभणारे काम आहे.

मेंदूत नेमके काय होते?

आता थोडे वैद्यकशास्त्र. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. त्याला सरसकट 'आनंदाचे रसायन' म्हटले जाते, पण ते वर्णन अपुरे आहे. वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अनपेक्षितपणे फळांच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात संदेश देत. काही दिवसांनी, दिवा लागला की रस मिळतो हे कळल्यावर, त्या पेशी दिवा लागतानाच संदेश देऊ लागल्या. प्रत्यक्ष रस मिळताना त्या विशेष हलेनात. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा संदेश नेहमीपेक्षाही खाली घसरे.

याचा अर्थ असा की मेंदू मिळालेल्या वस्तूचे मोल अपेक्षेशी ताडून करतो. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले तर उसळी, अपेक्षेइतके मिळाले तर शांतता, आणि कमी मिळाले तर घसरण. रोज दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याला एके दिवशी न सांगता बिनसाखरेचा चहा द्या, पहिलाच घोट कडू लागेल. हीच साखर महिनाभरात चिमूट चिमूट कमी केली, तर तोच चहा बरा वाटू लागतो. मधुमेहाच्या नव्या रुग्णांना मी म्हणूनच सांगतो की जिभेला वेळ द्या.

वर्षानुवर्षे जाहिराती, झलका आणि मित्रांच्या चर्चा यांतून नातवाच्या मेंदूत दिवा सतत लागत राहिला. मग रसाचा थेंब आला तो बेचव. त्याच्या मनाची घसरण खरी आहे, ती नाटक नव्हे. त्यातही किशोरवयात भावनांना वेग देणारी मेंदूची केंद्रे पुढे गेलेली असतात आणि लगाम घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. म्हणून त्या वयातला हिरमोड आपल्यापेक्षा तीव्र असतो. सुदैवाने तो बहुधा लवकर ओसरतोही.

हे दुःख तुम्हांला अनोळखी नाही

१९३५ मध्ये प्रभात कंपनीचा 'धर्मात्मा' हा चित्रपट आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि संत एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. ज्यांना वर्षानुवर्षे शालू नेसलेल्या, लाजऱ्या नायिकेच्या रूपात पाहिले, त्यांना पुरुषवेषात पाहणे कितीतरी रसिकांच्या पचनी पडले नाही. गाणारा गळा तोच होता, पण मनातली मूर्ती निराळी होती. तुमच्या वडीलधाऱ्यांकडून तुम्ही असे किस्से ऐकले असतील.

आपल्या परिसरातला दाखला हवा असेल तर चेतक स्कूटर घ्या. १९७२ मध्ये आलेली ही स्कूटर मिळण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावले होते. ती किंचित तिरकी करून किक मारण्याची लकब अजून अनेकांच्या पायांत असेल. जानेवारी २०२० मध्ये तेच नाव घेऊन विजेवर चालणारी चेतक बाजारात आली. ती पाहून काही निवृत्त कामगारांना आनंद झाला, तर काहींना "आवाजच नाही, ही कसली चेतक?" असे वाटले. दैनंदिन मालिकेत ओळखीची नायिका जाऊन त्याच नावाने दुसरी अभिनेत्री आली, की तुमच्या घरात रात्री आठ वाजता काय चर्चा होते, तेही आठवून पाहा.

आणि थेट आरोग्यातला दाखला पाहा. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दर पाच रुग्णांपैकी सुमारे एक जण पूर्ण समाधानी नसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. कित्येकदा शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालेली असते. पण रुग्णाने मनात चाळिशीतला गुडघा धरलेला असतो, आणि हाती येतो तो वेदना कमी करणारा, परंतु मांडी घालून बसण्यास कुरकुरणारा गुडघा. शस्त्रक्रियेपूर्वी अपेक्षा मोकळेपणाने बोलून घेतली, तर हे असमाधान पुष्कळ कमी होते. निवृत्ती हाही आयुष्याचा एक पुढचा भागच. तो तुमच्या मनासारखा निघाला का, हे तुम्ही स्वतःशी विचारून पाहा. उत्तर काहीही असो, त्या प्रश्नाने नातवाचे दुःख थोडे जवळ येईल.

एका वाक्याने काय बिघडते

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांची गोष्ट ओळख लपवून सांगतो. त्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते, आणि नजर मंद झाल्यामुळे मात्रा मोजून देण्याचे, साखर तपासून वहीत लिहिण्याचे काम त्यांचा अकरावीतला नातू करी. तीन आठवड्यांच्या नोंदी वहीत कोऱ्या दिसल्या आणि साखर वाढलेली दिसली, म्हणून मी चौकशी केली. नातू आपल्या आवडत्या खेळाच्या नव्या भागावर निराश होऊन बसला असता आजोबा सहज म्हणाले होते, "आमच्या वेळी पोटाची चिंता होती, तुम्हांला खेळाचे रडू येते." मुलगा उलटून बोलला नाही. त्याने आजोबांच्या खोलीत येणेच कमी केले. आजोबांनीही मागितले नाही, अंदाजाने सुई टोचत राहिले.

इन्सुलिन अंदाजाने घेणे किती धोक्याचे आहे, हे मधुमेही वाचकांना सांगायला नको. साखर एकाएकी उतरली तर भोवळ, पडणे, बेशुद्धी, काहीही होऊ शकते. एका खेळाचा विषय औषधाच्या वहीपर्यंत असा पोहोचतो. तुमची काळजी घेणाऱ्या घरातल्या माणसाचे मन हा तुमच्या उपचाराचा भाग आहे. शिवाय लहान दुःख घेऊन आलेल्या मुलाची थट्टा झाली, तर उद्या परीक्षेतले अपयश, मैत्रीतला घाव, कोणी दिलेला त्रास असे मोठे दुःख घेऊन तो त्या दाराशी येत नाही.

काय करावे, काय टाळावे

पहिली गोष्ट, तुलना टाळा. दुष्काळ, रेशनच्या रांगा, एका खोलीत आठ माणसे, हे सारे खरे आहे. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हे. एकाच्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख मोजले की दोघेही गप्प होतात.

दुसरी गोष्ट, विचारा. "काय रे, आधीच्या भागात असे काय होते, जे यात नाही?" एवढा एकच प्रश्न पुरे. तो समजावू लागला की मध्ये बोलू नका. सगळे कळले नाही तरी चालेल. आपली नाराजी शब्दांत नेमकी मांडता आली की तिची धार कमी होते. आवडत नाही, एवढ्यावर न थांबता का आवडत नाही हे सांगता येणे, ही रसिकतेची पहिली पायरी आहे.

तिसरी गोष्ट, लगेच उपाय सुचवू नका. "दुसरा खेळ घे", "अभ्यासाला लाग" हे सल्ले दोन दिवसांनी देता येतील. त्या संध्याकाळी राजमाता जिजाऊ उद्यानात एक फेरी मारून येऊ म्हणा, किंवा त्याला आवडणारे थालीपीठ करा. चालणे, वेळेवर जेवण आणि रात्रीची पुरेशी झोप ही मनाच्या घसरणीवरची साधी, सिद्ध औषधे आहेत.

चौथी गोष्ट पैशाची. नवा मोठा खेळ काही हजार रुपयांना पडतो, आणि वाढदिवसाच्या निमित्ताने तो खर्च अनेकदा आजी-आजोबाच करतात. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच पैसे भरून नोंदणी करण्याची पद्धत आहे. ती टाळण्यास सांगा. आठ-दहा दिवस थांबून लोकांचे अनुभव वाचावेत, मग घ्यावा. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित खेळ इतक्या दोषांसह आला की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. पुढे दुरुस्त्या झाल्यावर त्याच खेळाची वाहवा झाली. जे थांबले त्यांना चांगला खेळ मिळाला. स्टीम या संगणकावरील खेळांच्या मोठ्या दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास, पैसे परत मागता येतात. ही माहिती नातवाला नसेल तर तुम्हीच द्या. तुमचा भाव लगेच वधारेल.

पाचवी गोष्ट, खेळ आणि जुगार यांत फरक करा. कथा असलेला, एकदा विकत घेऊन खेळायचा खेळ निराळा, आणि पैसे लावून जिंकायचा ऑनलाइन डाव निराळा. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. नातवाच्या उदासपणामागे असे पैसे गमावल्याची भीती तर नाही ना, हे शांतपणे विचारावे. खेळाच्या वेष्टनावर किंवा माहितीत वयाची खूण असते, तीही पाहावी. या लेखात आलेले काही खेळ लहान मुलांसाठी नाहीत.

केव्हा सावध व्हावे?

साधा हिरमोड चार-आठ दिवसांत निवळतो. मूल मित्रांशी बोलते, चिडते, विनोद करते आणि पुन्हा जेवणाच्या ताटावर वेळेवर येते. मात्र दोन आठवडे उलटूनही उदासी कायम असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, शाळा-महाविद्यालय टाळले जात असेल, तर कारण केवळ खेळ नाही असे समजावे. खेळ हे निमित्त असते आणि आत दुसरे काही धुमसत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराची नोंद केली आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची तीन लक्षणे आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक महत्त्व देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण बारा महिने चालू असेल आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा नाती बिघडत असतील, तरच हे निदान केले जाते. सुट्टीत चार तास खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो, आणि एखाद्या खेळावर नाराज होऊन तो बाजूला ठेवणारा तर नसतोच. नको तो खेळ सोडता येणे हे ताबा शाबूत असल्याचे लक्षण आहे.

"जगून काय उपयोग", "मी नसलो तरी चालेल" अशी भाषा कानावर आली, तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नका. मुलाला एकटे सोडू नका, त्याच्या आई-वडिलांना लगेच कळवा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. तुमचे नेहमीचे डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू शकतात. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय आपल्याला दूर नाही.

तुम्हीही शेजारी बसून पाहा

अमेरिकेत शर्ली करी नावाच्या आजी आहेत, जन्म १९३६. त्यांच्या मुलाने त्यांना नव्वदच्या दशकात संगणकावरील खेळ शिकवला. पुढे ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांनी 'स्कायरिम' खेळतानाची चित्रणे लोकांसमोर ठेवली आणि 'स्कायरिम आजी' म्हणून त्या जगभर ओळखल्या जाऊ लागल्या. चाहत्यांच्या मागणीवरून सहाव्या भागात त्यांच्या नावाचे एक पात्र असेल, असे निर्मात्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले.

तुम्ही नियंत्रक हातात घ्यावा असा माझा आग्रह नाही. परंतु २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साठ ते पंच्याऐंशी वयाच्या व्यक्तींनी खास तयार केलेल्या गाडी चालवण्याच्या खेळाचा महिनाभर सराव केला, तेव्हा एका वेळी दोन कामांकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकून होती. यावरून कोणताही खेळ विसरभोळेपणावर औषध आहे असे मात्र समजू नये. खेळून पाहायचेच असेल तर दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहा, अपस्माराचा त्रास असल्यास लखलखणारे खेळ टाळा, आणि डोळ्यांवर लावायचा आभासी चष्मा घालून उभ्याने खेळू नका, कारण तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

नुसते शेजारी बसलात तरी पुरे. पडद्यावरच्या त्या डोंगरदऱ्यांत नातू तुम्हांला हिंडवील, हे गाव कसे होते आणि नव्या भागात त्याचे काय करून टाकले, हे हातवारे करून सांगेल. तुम्ही त्याला दापोडीचा जुना पूल, पवनेचे पूर्वीचे पाणी, शेते असलेले पिंपळे गुरव सांगा. या गावाचाही एक पुढचा भाग आला आहे, आणि तो सर्वांनाच आवडला आहे असे नाही. आवडत्या गोष्टीचे बदललेले रूप कसे स्वीकारावे, त्यातले काय घ्यावे आणि कशाविषयी तक्रार करत राहावे, याचा अनुभव तुमच्यापाशी सत्तर वर्षांचा आहे. त्याला त्याची गरज आहे. आज संध्याकाळी त्याच्या खोलीचे दार उघडे असेल, तर विचारून पाहा, "मला दाखव ना, जुना भाग कसा होता?"